हिशेब आमचा, कुलूप त्यांचे

‘करारावर सही केली होती ना? मग आता तक्रार कसली?’ सेवा बदलू न देणाऱ्या सॉफ्टवेअर पुरवठादारांवर स्पर्धा कायद्याखाली कारवाई व्हावी असे कोणी म्हटले, की हा प्रश्न हमखास पुढे येतो. मी सहकारी पतसंस्थांचे लेखापरीक्षण करतो, वीसेक वर्षे झाली. हा प्रश्न मी पुरवठादारांकडून ऐकला आहे, परिसंवादांत ऐकला आहे, आणि एकदा एका पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या तोंडूनही ऐकला आहे, ज्यांची स्वतःची संस्था त्या वेळी अडकून पडली होती. प्रश्नाच्या जोडीला बाकीची मांडणीही ठरलेली असते. गिऱ्हाईक नाराज झाले तर निघून जाईल, बाजार आपोआप ताळ्यावर येईल, सरकार मध्ये पडले तर नवे काही तयारच होणार नाही, आणि डेटा बाहेर काढू दिला तर त्याच्या सुरक्षिततेचे काय? ऐकायला हे सगळे शहाणपणाचे वाटते. पण माझ्या टेबलावर जे आले आहे आणि जगभरच्या तपासांत जे निघाले आहे, त्यापुढे यातले काही टिकत नाही.

आधी माझ्या टेबलावरचे सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची पतसंस्था. ठेवी, सोनेतारण, अकरा पिग्मी एजंट. सॉफ्टवेअरच्या वार्षिक देखभालीचा दर तीन वर्षांत दुपटीच्या वर गेला, तेव्हा संचालक मंडळाने दुसरे सॉफ्टवेअर घ्यायचा ठराव केला. जुन्या पुरवठादाराला पत्र गेले : आमच्या सभासदांची, ठेवींची, कर्जांची सगळी माहिती द्या. उत्तर आले की डेटाबेसचा पासवर्ड ही कंपनीची मालमत्ता आहे, ‘डेटा हस्तांतरण शुल्क’ भरल्यास विचार करू. शुल्क होते चार वर्षांच्या देखभाल खर्चाएवढे. करार मी स्वतः दोनदा वाचला. माहिती परत देण्याविषयी त्यात एक ओळ नव्हती. देऊ असे नाही, देणार नाही असेही नाही.

संस्थेकडे तेवढे पैसे नव्हते. मग एकच मार्ग उरला. सॉफ्टवेअरमधून जे छापील अहवाल निघत होते ते काढायचे आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरायचे. पीडीएफमधून मजकूर उचलून पाहिला, तर आकडे नीट येत होते आणि नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा, कारण जुने सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टवर चालत होते. म्हणजे प्रत्येक नाव पुन्हा टाइप करणे आले. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, संध्याकाळी व्यवहार बंद झाले की दोन लेखनिक समोरासमोर बसत. एक कागदावरून वाचायचा, दुसरी टाइप करायची. खाते क्रमांक, नाव, वारस, शिल्लक. पुन्हा खाते क्रमांक, नाव, वारस, शिल्लक. मार्चअखेरची घाई, ताळेबंद, थकबाकीची यादी, हे सगळे त्याच दोघांच्या अंगावर होते.

मे महिन्यात मी तिथे तपासणीला बसलो असताना एक भाजी विकणाऱ्या मावशी काउंटरवर आल्या. पडद्यावर त्यांच्या पिग्मी खात्याची शिल्लक ३,४६० दिसत होती.

‘मावशी, पासबुक आणलंय का?’ व्यवस्थापकांनी विचारले.

‘आणलंय की. पर मला तोंडपाठ हाय साहेब. चार हजार तीनशे साठ.’

पासबुकात ४,३६० होते. तीन आणि चार यांची जागा बदलली होती, बस्स. नोंद लगेच दुरुस्त केली. पण त्या दिवसानंतर मी पिग्मीची सगळी खाती पासबुकांशी ताडून पाहायला लावली आणि अशा आणखी चुका सापडल्या. रोजच्या कमाईतून पन्नास रुपये बाजूला टाकणाऱ्या बाईचे नऊशे रुपये एका कंपनीने पासवर्ड दिला नाही म्हणून खात्यातून नाहीसे होऊ शकतात, हे मी त्या दुपारी पाहिले. त्यांनी पासबुक जपून ठेवले नसते तर?

आता ‘गिऱ्हाईक निघून जाईल’ हे म्हणणे या टेबलावर ठेवून पाहा. गिऱ्हाईक निघून गेले, हे खरे. पण त्याच्या जाण्याची किंमत ज्या पुरवठादाराला ते सोडून चालले होते त्यानेच ठरवली होती. डेटाबेसमधली सगळी माहिती वाचता येईल अशा फाइलमध्ये उतरवून द्यायला जाणकार माणसाला एक दुपार पुरते. ती दुपार नाकारली म्हणून दोन माणसांचे दोन महिने गेले. हा खर्च तंत्रज्ञानाने लादलेला नव्हता, एका नकारातून तो तयार करण्यात आला होता. ज्या बाजारात बाहेर पडण्याची किंमत विक्रेता ठरवतो, तिथे गिऱ्हाईक थांबले याचा अर्थ ते समाधानी आहे असा होत नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर ब्रिटनमध्ये दिसले. तिथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने क्लाउड सेवांचा तपास करून ३१ जुलै २०२५ रोजी अंतिम निष्कर्ष जाहीर केले. ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांकडे ब्रिटिश ग्राहकांच्या खर्चाचा प्रत्येकी ३० ते ४० टक्के वाटा, आणि वर्षाला पुरवठादार बदलणारे ग्राहक एक टक्क्याहूनही कमी. पतसंस्थेने संगणकावरचे सॉफ्टवेअर बदलणे आणि बँकेने क्लाउड बदलणे यांत फरक आहे, कबूल. पण कुलूप घालण्याची रीत तीच. क्लाउडमध्ये माहिती आत नेणे फुकट, बाहेर काढायची तर दर गिगाबाइटला पैसे. ॲमेझॉनचा अमेरिकेतल्या केंद्रांचा पहिल्या टप्प्याचा दर बरीच वर्षे ९ सेंट राहिला. ग्राहकाची माहिती जितकी साठत जाईल तितका त्याचा बाहेर जाण्याचा रस्ता महाग होतो. म्हणजे सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा ग्राहक सर्वांत घट्ट बांधला जातो.

वर्षानुवर्षे सांगितले गेले की ही आकारणी म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या जाळ्याचा खरा खर्च आहे. मग युरोपीय संघाने डेटा कायदा केला. तो ११ जानेवारी २०२४ रोजी अस्तित्वात आला आणि १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. सेवा सोडण्याची पूर्वसूचना दोन महिन्यांपेक्षा जास्त मागायची नाही, स्थलांतर साधारणपणे तीस दिवसांत व्हायला हवे, आणि १२ जानेवारी २०२७ पासून सेवा बदलण्यासाठी कसलेही शुल्क घ्यायचे नाही, असे तो सांगतो. त्याच २०२४ च्या जानेवारीत गूगलने कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी बाहेर नेण्याचे शुल्क रद्द केले. मार्चमध्ये ॲमेझॉनने केले, त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टनेही. तारा त्याच होत्या आणि गिगाबाइटही तेच. नाक दाबले की तोंड उघडते, एवढेच तीन महिन्यांत घडले. शुल्क जर खऱ्या खर्चाचे असते तर कायदा पुरता लागू होण्याच्या दीड वर्ष आधी ते कोणी सोडले नसते. ज्यांना वाटते की बाजार हे आपणहून करतो, त्यांनी या तारखांचा क्रम एकदा लावून पाहावा.

आता सहीचा मुद्दा. मला तो सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात दोष अडकलेल्यावरच ढकलला जातो. या युक्तिवादाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच तोंड दिले आहे. कोडॅक कंपनी मोठी छायाप्रत यंत्रे विकायची. त्यांची दुरुस्ती करणाऱ्या स्वतंत्र कंपन्यांना तिने सुटे भाग देणे बंद केले. कोडॅकचे म्हणणे असे की यंत्रांच्या बाजारात आम्हाला भरपूर स्पर्धा आहे, ग्राहक दुसऱ्याचे यंत्र घेऊ शकतो, मग दुरुस्तीत आमची मक्तेदारी असेलच कशी? न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने हे मान्य केले नाही. ज्याने महागडे यंत्र आधीच घेतले आहे तो लगेच दुसरीकडे जाऊ शकत नाही, म्हणून विक्रीच्या वेळी स्पर्धा असली तरी विक्रीनंतर सत्ता गाजवता येते, हे तत्त्व तिथे मांडले गेले. पुढच्या काळात खालच्या न्यायालयांनी ते बरेच आकसवले, विशेषतः अट आधीपासून माहीत होती अशा ग्राहकांसाठी. पण अट नंतर बदलली तर काय?

नंतरच बदलते. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही, एकाच संगणकात अनेक आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि कायमस्वरूपी परवाने विकणे बंद करून सगळ्यांना वर्गणीवर आणले. एटी अँड टी ही अमेरिकेतली बलाढ्य दूरसंचार कंपनी २०२४ मध्ये न्यायालयात गेली. तिची सुमारे ७५,००० आभासी यंत्रे त्या सॉफ्टवेअरवर चालत होती. जुन्या परवान्यांना कराराप्रमाणे सहायता मिळत राहावी एवढीच तिची मागणी होती, आणि शेवटी प्रकरण तडजोडीत मिटले. ज्या कंपनीकडे वकिलांची फौज आहे तिलाही रातोरात बाहेर पडता येत नाही. आमच्या पतसंस्थेच्या सचिवांकडे एक जुनी मोटरसायकल आणि एक रबरी शिक्का होता. त्यांना ‘करार नीट वाचायचा होता’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? सही झाली त्या दिवशी देखभालीचा दर वेगळा होता. तो पुढे वाढेल आणि वाढल्यावर सुटका नसेल, हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते. जे लिहिलेलेच नव्हते त्याला संमती दिली असे म्हणता येत नाही.

कोडॅकसाठी अमेरिकेत जायची गरजही नाही. आपल्या स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटींहून अधिक दंड केला होता. या कंपन्या सुटे भाग आणि बिघाड शोधणारी साधने, ज्यांत सॉफ्टवेअरही आले, स्वतंत्र गॅरेजांना देत नव्हत्या. मोटारींच्या बाजारात चढाओढ आहे हा बचाव तिथेही झाला. आयोगाने सांगितले की एकदा गाडी दारात उभी राहिली की त्या गाडीच्या सुट्या भागांपुरता तिचा निर्माताच एकटा मालक आहे, आणि स्पर्धा कायद्याच्या कलम ४ खाली वर्चस्वाचा गैरवापर तिथे मोजला जाईल. पुढे अपिली न्यायाधिकरणात काही कंपन्यांचे दंड कमी झाले, उल्लंघनाचा निष्कर्ष मात्र राहिला. मोटारीला लागू होणारे हे तत्त्व हिशेबाच्या सॉफ्टवेअरला लागू का होऊ नये? गाडी विकून टाकता तरी येते. सभासदांची खाती विकता येत नाहीत.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. बँकिंगची माहिती कोणाच्याही हाती पडू नये, यासाठी आयुष्यातली वीस वर्षे मीही घालवली आहेत. म्हणूनच अमेरिकेतल्या मोटार विक्रेत्यांची हकीकत इथे सांगायला हवी. तिथल्या शोरूमचा सगळा कारभार, म्हणजे विक्री, कर्ज, दुरुस्ती, साठा, मुख्यतः दोन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर चालतो : सीडीके ग्लोबल आणि रेनॉल्ड्स अँड रेनॉल्ड्स. विक्रेत्याच्या परवानगीने त्याची माहिती काढून इतर उपयोगी सॉफ्टवेअरला पुरवणाऱ्या छोट्या कंपन्या होत्या. सीडीके आधी त्यांना येऊ देत असे. २०१५ च्या सुमारास तिने सुरक्षिततेचे कारण देऊन दार लावून घेतले, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत दोन्ही बड्या कंपन्यांनी आपापसांत करार केले. त्यांवरून खटल्यांची रांग लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये सीडीकेने सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या एका दाव्यात चूक कबूल न करता ६३ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. आणि त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, सीडीकेवरच सायबर हल्ला झाला. सुमारे १५,००० शोरूमचे काम ठप्प पडले. विक्रेते दिवसच्या दिवस कागदावर पावत्या लिहीत होते.

सगळ्यांची माहिती एकाच कुलपात आणि किल्ली एकाकडेच, याला सुरक्षितता म्हणायचे का? ज्याच्याकडे स्वतःच्या माहितीची चालू प्रत आहे आणि ती दुसरीकडे नेता येते, तो अशा दिवशी दुकान उघडू शकतो. ओळख पटवून, नोंद ठेवून, ज्याची माहिती त्यालाच ती देणे यात धोका वाढत नाही. बँका रोज तेच करतात.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम युक्तिवाद वेगळा आहे आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. २००४ च्या ट्रिंको प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कंपनीने कष्टाने उभारलेल्या सोयी प्रतिस्पर्ध्यांना वाटून द्याव्यात अशी सक्ती स्पर्धा कायदा सहसा करत नाही, कारण मग कोणी गुंतवणूक करणार नाही. हे मला पटते. पण इथे ती सोय मागितली कोणी? आम्ही त्या कंपनीचा कोड मागितला नाही, तिची व्याजाची गणिते मागितली नाहीत, तिचे पडदे मागितले नाहीत. मागितली ती आमची खतावणी. भाड्याच्या गोदामातून आपले धान्य उचलताना मालकाचे गोदाम कोणी घेऊन जात नाही. ट्रिंकोचा आधार घेणारे ग्राहकाची माहिती आणि पुरवठादाराची मालमत्ता यांची सरमिसळ करतात, आणि त्यांचा सगळा युक्तिवाद त्या सरमिसळीवर उभा आहे.

नव्या निर्मितीला खीळ बसेल, हे भाकीत तर आपल्याकडेच तपासून पाहता येते. मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय येणार म्हटल्यावर मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. अखेर २५ नोव्हेंबर २०१० रोजी ती हरयाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून देशभर. शुल्क तेव्हा १९ रुपये. तोवर क्रमांक गमावण्याच्या भीतीने लोक वाईट सेवाही सोसत होते, कारण दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, गिऱ्हाइकांच्या वहीत तोच क्रमांक होता. आज कोणी म्हणेल का की त्या सोयीने दूरसंचार थांबला? गिऱ्हाइकाला धरून ठेवायला चांगली सेवा हा एकच उपाय उरतो तेव्हा सेवा सुधारावी लागते. दाराला कडी घालता येत असेल तर कडीवरच डोके चालते. एपिक ही गेम बनवणारी कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात २०२१ मध्ये जी अंतर्गत पत्रे उघड झाली, त्यांत ॲपलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१३ मध्ये लिहिलेले होते की ॲपलची आयमेसेज ही संदेशसेवा अँड्रॉइडवर नेली तर आयफोन वापरणारे आईवडील मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन द्यायला मोकळे होतील. ग्राहकाला काय हवे, हा तिथे प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे मात्र पाऊल मागे पडले आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आपली माहिती एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क होता, २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून तो गेला. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने, जयंत सिन्हा अध्यक्ष असताना, डिसेंबर २०२२ च्या अहवालात बड्या डिजिटल कंपन्यांसाठी आधीच नियम घालून देणारा कायदा सुचवला. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. त्यात क्लाउड सेवा आहेत, माहिती नेऊ देण्याचे बंधन आहे. पण तो अजून कायदा झालेला नाही. आणि झाला तरी भारतातली उलाढाल ४,००० कोटी किंवा तत्सम मोठे निकष आणि त्यावर कोटभर वापरकर्ते किंवा दहा हजार व्यावसायिक ग्राहक, एवढी उंची गाठणाऱ्यांनाच तो लागू होईल. तालुक्याच्या पतसंस्थेला कुलूप घालणारी कंपनी त्या उंचीच्या खालून सहज निघून जाते.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. मोठ्यांसाठी तो मसुदा लवकर कायदा व्हावा. आणि लहानांच्या बाबतीत स्पर्धा आयोगाने २०१४ च्या मोटारींच्या निकालातली वाट पुन्हा धरावी : ग्राहकाची माहिती अडवून ठेवणारा पुरवठादार त्या ग्राहकापुरता वर्चस्वशाली आहे असे धरून कलम ४ खाली चौकशी लावावी. त्याला नवा कायदा लागत नाही. एखाद्या सहायक निबंधकाने किंवा आमच्यासारख्या लेखापरीक्षकाने पाठवलेल्या माहितीवरून ती सुरू होऊ शकते. छोट्या कंपन्या यात चिरडल्या जातील असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की आमच्या पतसंस्थेला जिने नवे सॉफ्टवेअर दिले तीही छोटीच कंपनी होती. जुन्या कुलपामुळे तिचे दोन महिन्यांचे पैसे अडकले.

त्या नव्या करारात मी एक कलम घालायला लावले. करार संपल्यापासून पंधरा दिवसांत संस्थेची सर्व माहिती, नावे युनिकोडमध्ये आणि तक्त्यांच्या वर्णनासह, विनाशुल्क द्यावी. कंपनीच्या मालकांनी दोन आठवडे घेतले आणि सही केली. शेजारच्या तालुक्यातल्या तीन संस्थांनी त्यांच्या पुरवठादाराकडे तेच कलम शब्दशः मागितले. तिघींनाही एकच उत्तर मिळाले, की आमचा करार ठरलेला आहे, त्यात बदल होत नाही. त्यातल्या दोघींनी या मार्चमध्ये नूतनीकरण केले.